उसना सूर आणि आपला सूर



अमरावतीहून परतवाड्याकडे जाणारा रस्ता धरला म्हणजे थोड्याच वेळांत पेढी नदीचें पात्र आडवें येतें आणि तिच्या कांठीं वलगांव लागतें. ह्या वलगांवचा एक तरुण अधूनमधून माझ्याकडे येत असतो. पाठीवर कापडी खोळींत घातलेलें गिटार असतें. तो मला काकाजी म्हणतो. नातें कांहींच नाहीं. परंतु आमच्या वऱ्हाडांत वडीलधाऱ्या माणसास काकाजी म्हणावयास नातें लागत नाहीं. मागील पावसाळ्यांत एका सायंकाळीं त्यानें मला तासभर वाजवून दाखविलें. देशी-विदेशी दहा-बारा वादकांच्या शैली त्यानें अशा हुबेहूब उतरविल्या कीं, डोळे मिटून ऐकणारास खोलींत दहा माणसें बसलीं आहेत असें वाटावें. मीं मनापासून तारीफ केली. त्यानें वाद्य खालीं ठेवलें आणि खालीं पाहूनच तो म्हणाला, “काकाजी, मले सगळ्याइचं वाजोता येते, पन माह्यावालं काईच येत नाई. सोडून द्यावं म्हन्तो.”

ह्या वाक्यानें मी चरकलों. कारण हेंच वाक्य सुमारें पन्नास वर्षांपूर्वीं मीं स्वतःशीं उच्चारलें होतें, आणि त्या वेळीं मीं खरोखरच सोडून दिलें होतें. ती हकीकत ओघानें पुढें येईल. त्या सायंकाळीं मला धड उत्तर सुचलें नाहीं. “मेहनत करीत राहा, आपोआप येईल,” असें कांहींतरी बोलून मीं वेळ मारून नेली. तो गेल्यावर मात्र ध्यानांत आलें कीं, आपलें उत्तर खोटें होतें. नुसत्या मेहनतीनें नक्कल अधिक सुबक होते. ती आपली होत नाहीं. मग उसना सूर आपला होतो तरी कसा? ज्यांना तो सांपडला त्यांच्या चरित्रांत ह्याचा कांहीं माग लागतो काय, हें पाहण्याचा मीं त्यानंतर प्रयत्न केला. आजचें भाषण म्हणजे त्या तरुणाला द्यावयाचें राहून गेलेलें उत्तर होय.

प्रथम त्याच्या वाद्याचाच विचार करूं. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, वाद्याला त्याचा त्याचा आवाज असतो व तोच वादकाचा सूर. गिटारच्या इतिहासानें ही समजूत पार खोटी पाडली आहे. 1893 सालीं स्पेनमधील लिनारेस गांवीं जन्मलेल्या आंद्रेस सेगोव्हिया ह्यानें हें वाद्य बहुतांशीं स्वतःच्याच बळावर आत्मसात केलें. गिटार म्हणजे नाचगाण्याचें हलकें वाद्य असें मानण्याचा तो काळ. सेगोव्हियानें तार छेडतांना नख आणि बोटाचें मांस ह्यांचा असा मेळ साधला कीं, स्वर मऊही लागावा आणि मोठ्या सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोंचावाही. बाख ह्या जर्मन रचनाकाराची एकट्या व्हायोलिनसाठीं लिहिलेली एक भव्य व अवघड रचना त्यानें गिटारवर उतरविली आणि 1935 सालीं पॅरिस शहरांत ती वाजवून जाणत्यांना थक्क केलें.

त्याच पॅरिसमध्यें त्याच सुमारास दुसरा एक गिटारवादक लोकांना वेड लावीत होता. जँगो राइनहार्ट हें त्याचें नांव. तो रोमा ह्या भटक्या जमातींत 1910 सालीं जन्मला आणि गाड्यांच्या तळावर वाढला. 1928 सालीं त्याच्या राहत्या गाडीला आग लागली. तींत तो वांचला. परंतु डाव्या हाताचीं शेवटचीं दोन बोटें आखडून जवळजवळ निकामी झालीं. गिटारवर स्वर धरण्याचें काम डाव्या हाताचेंच असतें. दुसरा कोणी असता तर त्यानें वाद्य खुंटीला टांगलें असतें. जँगोनें उरलेल्या दोन बोटांनीं तारांवर चढउतार करण्याची निराळीच रीत बसविली आणि 1934 सालीं व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली ह्याच्या साथीनें पांच जणांचा तांडा उभा केला. त्याच्या वादनांतील झेप आणि लवचिकपणा हा त्या दोन बोटांतून आला आहे. त्याची नक्कल करणारे पुढें पुष्कळ निघाले. त्यांना चारही बोटें शाबूत असल्यानें ती नक्कल सोपी गेली असेल असें मात्र वाटत नाहीं.

एकच शहर, एकच दशक, सहा तारांच्या एकाच कुळांतील वाद्य. आणि सूर दोन, एकमेकांशीं ओळखदेखही नसलेले. तेव्हां आवाज वाद्याचा असतो हें खरें, परंतु वाणी माणसाची असते. आणि जँगोच्या बाबतींत ती वाणी नेमकी कोठें सांपडली हेंही ध्यानांत घ्या. जेथें त्याचा हात अडला तेथें ती सांपडली.

आतां हें वाद्य आपल्या देशीं आल्यावर काय झालें तें पाहूं. आपल्या संगीताचा प्राण मींडेंत आहे. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर उडी न मारतां मधल्या सगळ्या वाटेनें जावयाचें, आणि त्या वाटेवरच रागाचें रूप उमलावयाचें. सतारीवर पडद्यापाशीं तार आडवी ओढून ही मींड घेतां येते. गिटारलाही पडदे आहेत. परंतु त्याच्या तारा जवळ जवळ बसविलेल्या, त्यामुळें तार ओढावयास सतारीइतका वाव नाहीं. गेल्या शतकापूर्वींच्या शेवटच्या काळांत, प्रशांत महासागरांतील हवाई बेटांवर, जोसेफ केकुकू ह्या तरुणानें गिटार मांडीवर आडवें ठेवून तारांवरून पोलादाची कांडी सरकवीत वाजविण्याची पद्धति रूढ केली असें मानतात. बोटांनीं पडद्यावर तार दाबण्याचें बंधनच त्यानें काढून टाकलें. हें हवाई पद्धतीचें गिटार पुढें आपल्याकडे आलें, बंगालमध्यें विशेष रुजलें. परंतु आलें तें चित्रपटांतील व भावगीतांच्या चाली वाजविण्याचें वाद्य म्हणून. त्यावर राग मांडावा असें फारच थोड्यांच्या मनांत आलें.

ज्यांच्या मनांत आलें त्यांत जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा ह्यांचें नांव पहिल्या रांगेंत घ्यावें लागतें. त्यांचा जन्म 1937 चा आणि मृत्यु 2018 चा. रागसंगीत गिटारवर शिकवील असा गुरु त्यांना मिळण्यासारखाच नव्हता. म्हणून ते गेले सरोदवादक उस्ताद अली अकबर खाँ ह्यांच्याकडे. येथें एक मौजेची गोष्ट घडते. शिष्याच्या मांडीवर गिटार, गुरूच्या मांडीवर सरोद. गुरूचा हात जसाच्या तसा उचलणें शिष्याला शक्यच नाहीं. सरोदावर नखानें तार दाबून जें निघतें तें पोलादी कांडीनें तसेंच्या तसें निघणार नाहीं. म्हणजे हात सोडून द्यावयाचा आणि गुरूच्या मनांत राग कसा चालतो तें उचलावयाचें, एवढाच मार्ग उरतो. 1967 सालीं शिवकुमार शर्मा ह्यांचें संतूर, हरिप्रसाद चौरसिया ह्यांची बांसरी आणि काब्रा ह्यांचें गिटार अशी एक ध्वनिमुद्रिका निघाली. काश्मीरच्या दरींतील धनगराचा एक दिवस तीमध्यें रागांच्या क्रमानें उलगडला आहे. जगभर ती लोकांनीं ऐकली, आणि गिटार हें परकें वाद्य आहे ही गोष्ट ऐकतांना कित्येकांच्या ध्यानांतही राहिली नाहीं.

महाराष्ट्राला असें उदाहरण नवें नव्हतें. आपली पेटी हीही युरोपांतूनच आलेली. तिच्या पट्ट्या जागच्या जागीं बसविलेल्या. तिच्यावर मींड येत नाहीं. ह्या व अशाच कारणांवरून 1940 सालीं नभोवाणीनें तिला आपल्या दारांतून बाहेर काढलें होतें, आणि ती बंदी 1971 पासून पुढें हळूहळू उठली. अशा ह्या अपुऱ्या वाद्यावर कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे ह्यांनीं मैफली रंगविल्या. ते पेटीचे राजे गणले गेले ते कोणा पेटीवाल्याचा हात उचलून नव्हे; भास्करबुवा बखले ह्यांचें गाणें कानांत भरून घेऊन. गळ्यांतील गोष्ट पट्ट्यांवर जशीच्या तशी उतरणें अशक्य. मग तुटक स्वरांतून अखंड गाण्याचा भास उभा करावा लागला, आणि तो भास हीच टेंब्यांची वाणी झाली. काब्रांनीं सरोदाकडून घेतलें, टेंब्यांनीं गळ्याकडून. दोघांनींही उसनें घेतलें. परंतु असें घेतलें कीं, तें जसेंच्या तसें वापरतांच येऊं नये.

श्रोत्यांपैकीं कोणी विचारील, “वाद्य निराळें असल्यानें त्यांची नक्कल टळली; पण जेथें गळ्याला गळा मिळतो तेथें काय?” ह्या प्रश्नाचें उत्तर कुमार गंधर्वांच्या आयुष्यांत आहे. बेळगांवजवळच्या सुळेभावी गांवीं 1924 सालीं जन्मलेला हा मुलगा सातआठ वर्षांचा असतांनाच मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून जशाच्या तशा म्हणूं लागला. तान, हरकत, श्वासाची जागा, सगळें तंतोतंत. 1936 सालीं मुंबईच्या जिना हॉलमध्यें बारा वर्षांच्या ह्या मुलानें गाऊन मोठमोठे कलावंत चकित केले. आमच्या गिटारवाल्या तरुणाची जी अवस्था, तीच तेव्हां कुमारांची. सगळ्यांचें येत होतें. पुढें मुंबईस प्रोफेसर देवधर ह्यांच्या शाळेंत अकरा वर्षें त्यांचें शिक्षण झालें. तेथें अनेक घराण्यांचें गाणें कानावर पडे, आणि ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीविषयीं ‘हें असें कां?’ असें विचारण्याची संवय लागली.

त्यानंतर 1947 सालीं क्षयानें गांठलें. कोरडी हवा मानवेल म्हणून 1948 च्या आरंभीं कुमार माळव्यांतील देवासला जाऊन राहिले. गाणें वर्ज्य. पांचएक वर्षें अंथरुणावर पडून हा माणूस काय करीत होता? ऐकत होता. घराशेजारून जाणाऱ्या-येणाऱ्या माळवी स्त्रियांचीं गाणीं, फिरत्या साधूंचीं भजनें. रागाच्या मुळाशीं लोकांच्या धुना आहेत हा विचार तेथें त्यांच्या मनांत घट्ट झाला. नव्या औषधांनीं बरें वाटून 1952-53 च्या सुमारास ते पुन्हा गाऊं लागले, तेव्हां एक फुफ्फुस कायमचें अधू झालेलें होतें. लांबलचक दमसासाची तान आतां येणें नव्हतें. मग आखूड, अचानक उसळणारे आणि तितकेच अचानक थांबणारे स्वरसमूह. मधली शांतता हीही गाण्याचाच भाग. जुन्या ध्वनिमुद्रिकांचें तें तंतोतंत कुमार आतां गाऊंच शकत नव्हते. जें गाऊं शकत होते तें 1992 सालीं त्यांचा अंत होईपर्यंत दुसऱ्या कोणाचें म्हणून ओळखलें गेलें नाहीं.

आतां माझी हकीकत. ती लहान आहे. तरुणपणीं मीं दहा वर्षें सतार वाजविली. घरीं फोनोग्राफ होता आणि त्यावर एका मोठ्या वादकाची एक जुनी तबकडी होती. तीच माझी गुरु. ती मीं इतकी घोटली होती कीं, आलापापासून शेवटच्या झाल्यापर्यंत कोठें तिळाएवढाही फरक पडत नसे. एका गणेशोत्सवांत मला तासभर वाजवावयास सांगितलें. मी वाजवूं लागलों, आणि तिसऱ्या मिनिटाला माझी लय वाढली. मी धांवत सुटलों. तबल्यावर बसलेला माझा मित्र वांकून कानांत म्हणाला, “काऊन गा, गाडी सुटून राहिली का?” सभा हंसली. मींही हंसलों. रात्रीं घरीं आल्यावर मात्र कारण उमगलें. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूस तीन-सव्वातीन मिनिटेंच मावत. तो थोर वादक शेवटीं घाई करीत होता, कारण त्याची मेणाची जागा संपत आली होती. मला मात्र तासभर मोकळा होता, आणि तरीही मी त्याचीच घाई वाजवीत होतों. त्याची कला तर नव्हेच, त्याची अडचण देखील मीं उसनी घेतली होती. त्या रात्रीं मी स्वतःशीं म्हणालों कीं, माझें असें कांहींच नाहीं. आणि सतारीला गवसणी घातली ती कायमची.

माझी चूक कोणती झाली हें मला आतां कळतें. नक्कल केली ही चूक नव्हे; कुमारांनींही केली. ज्या क्षणीं उसनें अपुरें पडलें, तो क्षण मीं शेवट मानला. वास्तविक तेथें आरंभ होता.

ही गोष्ट शिकावयास मला पॅरिसला किंवा देवासला जावयाचें कारण नव्हतें. अमरावतीच्या परिसरांतच ती दोन माणसांनीं उघड्यावर, हजारों लोकांच्या समोर करून दाखविली होती. आपण त्यांना संत म्हणून ओळखतों. त्यामुळें त्यांच्याकडे कलावंत म्हणून पाहावयाचें आपल्याला सुचत नाहीं.

पहिले तुकडोजी महाराज. 30 एप्रिल 1909 रोजीं यावली गांवीं एका गरीब घरीं जन्मलेल्या ह्या मुलाचें मूळ नांव माणिक बंडोजी इंगळे. शाळेंत मन रमेना. वरखेडच्या आडकोजी महाराजांपाशीं बसून हा मुलगा तुकोबांचे अभंग म्हणे. अशी एक आठवण सांगतात कीं, एके दिवशीं आडकोजी महाराज त्याला म्हणाले, ‘तुका म्हणे, तुका म्हणे’ असें किती दिवस म्हणशील? आतां ‘तुकड्या म्हणे’ असें म्हण. मुलगा तेव्हां दहाबारा वर्षांचा असेल. ह्या आठवणींत मला कलेच्या शिक्षणाचें सगळें सार दिसतें. गुरूनें ‘तुका म्हणे’ म्हणूं नकोस असें प्रथम दिवशीं सांगितलें नाहीं. तें पुरतें म्हणूं दिलें. आणि मग विचारलें, ह्यापुढें शेवटीं सही कोणाची? अभंगाच्या अखेरीस नांव घालणें ही मिरवण्याची गोष्ट नव्हे. वर जें बोललों त्याची जोखीम माझी, असें तें कबूल करणें आहे.

तुकडोजींनीं ही जोखीम घेतली ती हातांत खंजिरी घेऊन. लांकडी कड्यावर ताणलेलें कातडें आणि कड्याच्या खोबणींत धातूच्या चकत्या, एवढेंच तें वाद्य. रागदारीच्या बैठकींत त्याला जागा नाहीं. त्यावर स्वर निघत नाहीं. निघतो तो ठेका आणि झणत्कार. परंतु ज्या माणसाला शेतांतून दमून आलेल्या माणसांपुढें मराठींत आणि हिंदींत, ग्रामसफाईवर, व्यसनांवर, जातिभेदावर बोलावयाचें होतें, त्याला ह्याहून योग्य वाद्य कोणतें मिळालें असतें? एका हातांत धरतां येतें, दुसऱ्या हाताचीं बोटें पुरतात, आणि गर्दीच्या टोकापर्यंत ऐकूं जातें. 1935 सालीं मोझरीस गुरुकुंज आश्रम निघाला. 1942 च्या लढ्यांत भजनांमुळेंच लोक पेटतात म्हणून सरकारनें महाराजांना अटक केली. 1955 सालीं जपानमधील विश्वधर्म परिषदेंतही ही खंजिरी जाऊन आली. 1968 सालीं महाराज गेले. आजही वऱ्हाडांत कोठें दुरून खंजिरी ऐकूं आली तर माणूस चटकन् त्यांचें नांव घेतो. एका क्षुल्लक वाद्याला एका माणसाची सही लागली ती अशी.

दुसरे गाडगेबाबा, आणि त्यांच्याबरोबर आपण पुन्हा वलगांवला येतों.

23 फेब्रुवारी 1876 रोजीं शेंडगांव येथें परीट कुटुंबांत जन्मलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यास मामाच्या घरीं वाढले. गुरें राखलीं, नांगर धरला, अक्षरओळख झाली नाहीं. 1905 सालीं घर सोडलें. अंगावर चिंध्यांचें वस्त्र, हातांत खराटा आणि जवळ मातीचें गाडगें. दिवसां गांव झाडावयाचें, रात्रीं कीर्तन करावयाचें.

कीर्तनाच्या महाराष्ट्रांत दोन थोर रीती आहेत. नारदीय कीर्तनांत पूर्वरंग आणि उत्तररंग असतो. बुवा पेटी-तबल्याच्या साथीनें उभे राहून तत्त्व सांगतात व मग आख्यान लावतात. वारकरी कीर्तनांत टाळकऱ्यांची रांग आणि मृदंग असतो. एका अभंगाचें चरणशः निरूपण चालतें. पहिल्या रीतीला संस्कृताचा संस्कार हवा, दुसरीला पाठांतराची परंपरा. वाचतां न येणाऱ्या ह्या माणसानें तुकोबांचे अभंग कानानें भरपूर सांठविले होते; परंतु शास्त्रीबुवांचें व्याख्यान त्यांना येण्यासारखें नव्हतें. येथें त्यांचें उसनें अपुरें पडलें. मग त्या रिकाम्या जागीं त्यांनीं प्रश्न ठेवला. ते लोकांना विचारीत, लोक उत्तर देत. त्या उत्तरांतून पुढचा प्रश्न. कर्ज कां काढलें? देवाला बकरें कां मारलें? माणसाचा विटाळ कां धरला? विचारतां विचारतां लोक हंसत, हंसतां हंसतां चपापत. मध्येंच देवाच्या नांवाचा गजर होई, टाळ्यांचा ताल धरला जाई आणि सगळा जमाव एका आवाजानें गाऊं लागे. इतरांच्या कीर्तनांत साथीदार चारसहा. बाबांच्या कीर्तनांत समोर बसलेले सगळेच साथीदार. आणि भाषा? मुंबईस असोत कीं पंढरपुरास, बाबा लोकांना ‘बापहो’ अशीच हांक मारीत आणि वऱ्हाडींत बोलत. ‘मला’ नव्हे, ‘मले’. ज्या बोलीची आमच्यांतील शिकलेल्या माणसांना मुंबई-पुण्यास गेल्यावर लाज वाटत आली आहे, त्याच बोलींत बाबा त्या शहरांतील गर्दीला तासन् तास खिळवून ठेवीत. गाडगेबाबा पाहावे ते कीर्तनांतच, अशा अर्थाचें आचार्य अत्रे ह्यांनीं लिहून ठेवलें आहे.

20 डिसेंबर 1956 रोजीं अमरावतीकडे नेत असतां, वलगांवजवळ पेढी नदीच्या पुलावर, मोटारींतच बाबांचा प्राण गेला. आमचा तरुण गिटार पाठीवर टाकून माझ्याकडे येतो तो ह्याच पुलावरून.

ह्या दोन माणसांचीं नांवें आज दोन विद्यापीठांना आहेत. अमरावतीच्या विद्यापीठाला गाडगेबाबांचें आणि नागपूरच्या विद्यापीठाला तुकडोजींचें. एकाला अक्षरें येत नव्हतीं, दुसऱ्यानें शाळा अर्ध्यावर सोडली. शिक्षण नको असा ह्याचा अर्थ कोणी काढूं नये. दोघांनींही आयुष्यभर तुकोबांकडून घेतलें. परंतु घेतलेलें जेथें संपलें तेथें ते लाजले नाहींत आणि तोतयेगिरीही त्यांनीं केली नाहीं.

तेव्हां माझ्या तरुण मित्राला माझें उत्तर असें आहे. तुझ्या अभिरुचीवर रागावूं नकोस. जे वादक तुला आवडतात ते आवडूं देत. मनुष्याला काय आवडतें ह्यावरूनच तो पुढें काय बोलेल हें ठरतें. त्यांचें पुरतें वाजव. परंतु केव्हां तरी गिटार सोडून इतरांकडूनही घे. गळ्याकडून घे, खंजिरीकडून घे. आश्विनांत तुमच्या गल्लींत मुली भुलाबाईचीं गाणीं म्हणतात त्यांच्याकडून घे. तें तुझ्या तारांवर नीट बसणार नाहीं. न बसूं दे. जेथें बसत नाहीं तेथें खूण करून ठेव आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हा त्याच जागीं ये. सगळ्यांचें येतें आणि माझें येत नाहीं असें तूं म्हणालास. पण सगळ्यांचें येऊन झाल्यावर जी अडचण होते ती सगळ्यांची नसते, ती तुझी एकट्याची असते. तेवढी एक वस्तु तुझ्यापाशीं आहे.

आणि सोडून देऊं नकोस. हें सांगण्याचा अधिकार मला आहे, कारण मीं सोडलें होतें. गेल्या महिन्यांत मीं सतारीची गवसणी काढली. तुंब्याला चीर गेली होती, तारा गंजल्या होत्या. त्या बदलून आणल्या. बोटें आतां तान घेत नाहींत, दोन स्वरांच्या पुढें मींड जात नाहीं. ती तबकडी कपाटांत आहे, परंतु मीं ती लावलेली नाहीं. सकाळीं अर्धा तास त्या दोन स्वरांपाशींच बसतों. काय निघतें आहे तें सांगण्याजोगें अजून नाहीं. घाई मात्र नाहीं, आणि तेवढी तरी माझी स्वतःची आहे.